नळाच्या पाण्याची माती

एका इंग्रजी संगीत-मासिकात त्याच्यावर मोठा लेख आला होता. हा गायक मातीतून उगवला आहे, असं त्यात लिहिलं होतं. ती माती मी पाहिलेली आहे. फोटोग्राफर येणार असला की तो सकाळीच आमच्या अंगणातल्या नळाला पाइप लावायचा, पायऱ्यांपाशी वाफाभर चिखल करायचा आणि बूट घालून त्यात उभा राहायचा. मग ते बूट पोर्चवर उन्हात वाळत पडायचे. एकदा मी आपलं माणुसकी म्हणून ते स्वच्छ धुऊन ठेवले. दाराशी येऊन तो बुटांकडे बघत राहिला, आणि मग मला म्हणाला, "मॅम, या बुटांवर माझं आयुष्य होतं." मी म्हटलं, पाइप तिथेच आहे, पुन्हा करा.

तो आमचा घरमालक होता. नॉर्थ कॅरोलायनातल्या मॉरिसव्हिलला तेव्हा आपली बहुतेक मंडळी नव्या कोऱ्या अपार्टमेंटमध्ये राहायची. पण मंदारला, म्हणजे माझ्या नवऱ्याला, अंगण हवं होतं. म्हणून आम्ही रेल्वेच्या रुळांजवळचं हे जुनं लाकडी घर भाड्याने घेतलं. घर आमचं आणि गॅरेज त्याचं, असं ठरलेलं. तो राहायचा, झोपायचा आणि गाणी लिहायचा तो त्या गॅरेजमध्ये. घरमालकाला 'ते' म्हणायची आपली पद्धत. मीही पहिला आठवडा म्हटलं, नंतर जमेना.

बोलायला लागला की वाटावं, याच्या सात पिढ्या तंबाखूच्या शेतात राबल्या आहेत. शब्द लांबवायचा, त्यांची शेवटची अक्षरं गिळायचा, वाक्याच्या मध्येच थांबून दूर कुठेतरी बघायचा. दूर आमचा कचऱ्याचा डबा होता. रविवारी त्याच्या आईचा फोन यायचा. आई-वडील शिकागोजवळच्या शॉमबर्गचे, वडील दातांचे डॉक्टर. "हाय मॉम" म्हटल्याबरोबर ती शेती, ती धूळ कुठे पळून जायची कोण जाणे. बँकेच्या मॅनेजरसारखं खणखणीत इंग्रजी सुरू व्हायचं. फोन ठेवला, घसा खाकरला, की पुन्हा शेतकरी. मी हे मंदारला सांगायचे, तर तो म्हणायचा, "जाऊ दे ना यार, आपल्याला काय करायचंय? हीटर रिपेअर करून देतो ना?" हीटरसुद्धा तो वेळेवर रिपेअर करत नसे.

त्याला नवी वस्तू चालायची नाही, पण म्हणून तो जुनी घ्यायचा असं नाही. नवी घ्यायचा आणि मारून मारून जुनी करायचा. गॅरेजला आतून लावायला कोऱ्या करकरीत फळ्या आणल्या आणि आठवडाभर लोखंडी साखळीने झोडपल्या. गिटारवर चावीने ओरखडे काढले. गिटारच्या नव्या तारा खोटं बोलतात, असं त्याचं म्हणणं. त्यांना खरं बोलायला लावण्यासाठी तो आधी तळलेलं चिकन खायचा आणि त्याच तेलकट हातांनी वाजवायला बसायचा. बरोबर वाजवणाऱ्यांनीही हात धुवायचे नाहीत, असा नियम होता. माझ्या पेटीच्या पट्ट्यांना हा नियम लागू करायचा प्रयत्न त्याने एकदाच केला. त्या दिवशी माझी संकष्टी होती. मी त्याला काय काय सुनावलं ते मंदारने नंतर त्याला सौम्य इंग्रजीत समजावून सांगितलं.

पेटीमुळेच मी या सगळ्यात अडकले. मी नागपूरची. पेटी आठव्या वर्षापासून वाजवते आणि अमेरिकेला येताना कपडे कमी करून ती आणली होती. एका दुपारी गणपतीच्या प्रॅक्टिससाठी वाजवत होते, तर हा हातोडी घेऊन दारात. त्याला वाटलं, भट्टीचा, म्हणजे घर गरम करायच्या त्या यंत्राचा भाता फुटला. पेटी बघून हातोडी खाली ठेवली आणि जमिनीवर मांडी घालून बसला. "मॅम, ही श्वास घेते," म्हणाला. मी म्हटलं, हो, मागून हवा भरावी लागते. पण त्याला हवेत रस नव्हता. दुसऱ्या दिवसापासून मी त्याच्या बँडमध्ये होते.

बँड म्हणजे आम्ही तिघं. डेल हा सत्तरीकडे झुकलेला गृहस्थ. फर्निचरच्या कारखान्यात जन्म गेला, कारखाना बंद पडला, बायको वारली, उरली ती स्टील गिटार. टेबलासारखी समोर आडवी मांडून, तारांवरून लोखंडी कांडी फिरवून वाजवतात ती. तिचा आवाज थेट रडवेला. बेथ शाळेची बस चालवायची आणि ड्रम वाजवायची, दोन्ही सारख्याच ठामपणे. आणि तिसरी मी, साडी नेसत नाही म्हणून त्याला थोडी निराश करणारी.

आता त्याची काम करायची रीत ऐका. "खरेपणाला रिहर्सल लागत नाही," हे त्याचं लाडकं वाक्य. माणूस गाणं पहिल्यांदा वाजवतो तेव्हाच तो प्रामाणिक असतो, दुसऱ्यांदा तो नाटक करतो. त्यामुळे प्रत्येक गाणं पहिल्यांदाच वाजवायचं. पण पहिल्यांदा कधीच धड होत नसे. मग तो आम्हाला बाहेर काढायचा. आम्ही घराला एक प्रदक्षिणा घालायची, वाटेत गाणं विसरायचं, आणि पुन्हा आत येऊन ते जन्मात कधी ऐकलं नाही अशा चेहऱ्याने बसायचं. एकेका गाण्यासाठी आम्ही अख्खा ऋतू प्रदक्षिणा घातल्या. डेलचे गुडघे दुखायचे, तरी तो घालायचा. शेजारच्या गुजराती बाईंनी मला विचारलं, या घराला काही दोष आहे का.

सुरांची नावं घ्यायची नाहीत, हा आणखी एक कायदा. काय वाजवू विचारलं की सांगायचा, "कुत्रा घरी परत आलाय आणि घरात कोणी नाही, असं वाजवा." मी काळी चारचा षड्ज धरायचे. तो डोळे मिटून म्हणायचा, "हाच तो कुत्रा."

आणि सगळ्यात चीड आणणारी गोष्ट म्हणजे गाणी चांगली होती. ती त्याला कशी सुचायची, याचा मी खूप विचार केला आहे. न भोगलेलं दुःख तो इतकं नेमकं लिहायचा की डेल, ज्याने ते भोगलं होतं, मान खाली घालून वाजवायचा. आवाजही होता. ढोंगी माणसाचा आवाज ढोंगी असावा, एवढी तरी सोय देवाने करायला हवी होती.

मी का जात होते, तेही सांगते. मी एच-फोर व्हिसावर होते, म्हणजे नवऱ्याच्या मागून आलेली. कागदोपत्री माझा शिक्का 'डिपेंडंट'. नोकरी करायची नाही, बँकेचं खातं त्याच्या नावाने, डॉक्टरकडे गेलं तरी फॉर्मवर आधी त्याचा विम्याचा नंबर. नागपूरला मी रेडिओवर वाजवलं होतं. इथे मी मंदारची बायको होते, पोहे चांगले करणारी. त्या गॅरेजमध्ये माझे हात माझे होते. मला ते रेकॉर्डवर हवे होते. कुठेतरी, कोणीतरी, मला न ओळखणाऱ्या माणसाने माझी पेटी ऐकावी, एवढंच मला हवं होतं आणि ते फार हवं होतं.

ज्या गाण्याने त्याचं नशीब उघडलं, ते खरं म्हणजे माझ्या हातून बिघडलेलं गाणं. मालगाडीवरचं एक संथ गाणं होतं, शेवटपर्यंत संथच राहायचं. गणपतीचे दिवस होते. रोज संध्याकाळी कुणाकुणाकडे आरतीला पेटी वाजवून माझ्या हातांना तेच वळण पडलेलं. आपल्या आरतीत शेवटचं कडवं आलं की लय वाढते. कोणी ठरवत नाही. कापूर विझत आलेला असतो, पोरांचं लक्ष मोदकांकडे असतं, टाळ्या आपोआप जवळ येतात. तर गाण्याचं शेवटचं कडवं आलं आणि माझे हात धावले. मला कळलं तेव्हा उशीर झाला होता. बेथ माझ्या मागे आली, डेल तिच्या मागे, आणि तो बिचारा एका श्वासात चार ओळी कोंबत आमच्या मागे फरफटत आला. टेप चालू होती.

गाणं संपल्यावर त्याने गिटार भिंतीला टेकवली. "मॅम, तुम्ही माझी गाडी रुळावरून घसरवलीत," म्हणाला. दुसऱ्या दिवशी टेप ऐकली, तिसऱ्या दिवशी पुन्हा ऐकली. चौथ्या दिवशी ते त्याचं सगळ्यात खरं गाणं झालं होतं.

मग त्या टेपच्या प्रती निघाल्या. कॉलेजच्या रेडिओवर ते गाणं लागलं, कोणी इंटरनेटवर टाकलं, आणि नॅशव्हिलच्या एका रेकॉर्ड कंपनीचा फोन आला, की आख्खा आल्बम काढू. त्याने आम्हाला गॅरेजमध्ये बोलावलं. डेलच्या खांद्यावर एक हात, माझ्या खांद्यावर एक, बेथकडे बघून डोळ्यांत पाणी. "तुम्ही माझं रक्त आहात. तुमच्याशिवाय मी त्या स्टुडिओत पाऊल ठेवणार नाही." बेथ म्हणाली, "लिहून दे." तो दुखावला. रक्ताला लिहून लागतं का, म्हणाला. आम्हालाही ते पटलं. डेलने नवा शर्ट घेतला आणि दर दोन दिवसांनी फोन करून विचारायचा, कधी निघायचं. मी नागपूरला फोन केला, "आई, माझी पेटी आल्बममध्ये येतेय." आईने ते कॉलनीभर केलं. समोरच्या बाईंनी पेढे मागितले.

तो आमच्याशिवायच गेला. आम्ही इथल्या मराठी मंडळाच्या पिकनिकहून परत आलो, तर गॅरेज रिकामं. साखळीने झोडपलेल्या फळ्यासुद्धा काढून नेल्या होत्या. आन्सरिंग मशीनवर त्याचा आवाज: "मॅम, रस्त्याने हाक मारली." बस. पुढे भाड्यासाठी एक एजंट यायला लागला. त्याला हीटर दुरुस्त करता येत होता.

आल्बम आला तेव्हा आम्ही तिघांनी तो डेलच्या ट्रकमध्ये बसून ऐकला, दुकानाच्या पार्किंगमध्येच, कारण घरी जाईपर्यंत धीर नव्हता. मला अजून वाटत होतं, की कदाचित आमची जुनी टेपच घेतली असेल. पहिलं गाणं लागलं आणि क्षणभर खरंच तसं वाटलं. सगळं तेच होतं. बेथचा ठोका तोच, माझ्या जागा त्याच. मग डेलने आवाज वाढवला. "हा मी नाही," म्हणाला. "माझी करंगळी वाकत नाही, म्हणून मी इथे उशिरा चढतो. या माणसाची करंगळी चांगली आहे. त्याला माझी चूक शिकवलीय." आमची टेप समोर ठेवून नॅशव्हिलच्या कसलेल्या लोकांकडून तिची नक्कल करून घेतली होती. मालगाडीच्या गाण्यात शेवटी लय वाढत होती, अगदी तिथेच, अगदी तेवढीच. माझ्या जागी एक जुना पायपेटीसारखा ऑर्गन होता आणि तो वाजवणाऱ्याचे हात माझे हात होते. मला रडू आलं. डेलने मला रुमाल दिला आणि स्वतः शर्टाच्या बाहीने डोळे पुसले. त्याच नव्या शर्टाच्या.

बेथ तेवढी रडली नाही. ती म्हणाली, "हरामखोर." आणि मला कधी नव्हे ते इंग्रजी शिवी मराठीइतकी जवळची वाटली.

आल्बम खूप गाजला. मुलाखतींमध्ये सगळे त्या गाण्याच्या शेवटाबद्दल विचारायचे, की ही लय वाढवायची कल्पना कुठून आली. तो सांगायचा, आजोबांच्या शेताच्या मागून मालगाडी जायची, लहानपणी मी तिच्याबरोबर धावायचो. आजोबांचं शॉमबर्गला चष्म्याचं दुकान होतं. हे मला त्याच्या आईने सांगितलं होतं. एकदा तो अंघोळीला गेलेला असताना मी फोन उचलला होता.

आल्बमनंतर वर्षभराने तो पुन्हा आमच्या दारात उभा राहिला. बूट मळलेले. दौऱ्यावर होता आणि त्या संध्याकाळी जवळच्या रॅली शहरात एका थिएटरमध्ये कार्यक्रम होता. आत न बोलावताच आत आला आणि जमिनीवर बसला. मालगाडीचं गाणं स्टेजवर जमत नाही, म्हणाला. स्टुडिओत त्यांनी कॉम्प्युटर लावून लय ओढून घेतली होती. प्रत्यक्षात वाजवताना एक जण आधी धावतो, दुसरा मागे राहतो, गाणं कोसळतं. लोक नेमकं तेच ऐकायला येतात. "मॅम, माझ्या बँडच्या मुलांना शिकवा. एक दुपार. आज रात्री मी सगळ्या हॉलला सांगेन, की हे कोणाचं आहे."

मंदार म्हणाला, "अजिबात जाऊ नकोस. यूज करतोय तुला." मंदारचं बरोबर होतं. मी गेले. त्याच्यावर विश्वास होता म्हणून नाही, पण हॉलभर लोक आणि माझं नाव, हे चित्र एकदा डोळ्यांपुढे आलं ते जाईना.

वाजवणारी माणसं सज्जन होती. ऑर्गनवाल्या दाढीवाल्याने पेन्सिल काढून विचारलं, नेमक्या कितव्या मात्रेपासून वाढवायचं? मी म्हटलं, मात्रा नाही. मग आरती सांगितली. देव, कापूर, उभी माणसं, उशीर झालेला, स्वयंपाकघरातून येणारा वास. कोणी म्हणत नाही की आता जलद, पण कोणाला हळू राहवत नाही. तो कोपऱ्यात उभा राहून हे सगळं ऐकत होता. त्यांनी चार-पाचदा वाजवून पाहिलं. दरवेळी सगळे एकमेकांकडे बघत राहायचे, पहिला कोण धावतो म्हणून. मी म्हटलं, "तुम्हाला भूक लागलेली नाही." दाढीवाला हसला. कोपऱ्यातला तो मात्र हसला नाही. वाटेल तेवढे पास घ्या, म्हणाला, तुमची माणसं आणा, रंगीत कपडे घातलेत तर छान दिसेल.

मी आणली. मंडळाची मंडळी दोन रांगा भरून आली. कुलकर्णी काकू पैठणी नेसून, पोरं कंटाळून, "मॉम, हाऊ लाँग इज धिस?" करत. एका टोकाला डेल आणि बेथ. मी मधोमध. तो दिव्यांच्या झोतात आला, गाणी झाली, टाळ्या झाल्या. मालगाडीच्या गाण्याआधी तो थांबला आणि दूर बघायला लागला. मंदारने माझा हात धरला.

"माझ्या आजोबांचं एक शेत होतं," तो म्हणाला.

सगळं सांगितलं त्याने. मालगाडी, अनवाणी पाय, धावणं. सांगताना एकदा त्याची नजर आमच्या रांगांवरून गेली आणि पैठणीवर जरा थबकली. मग त्याने गिटार छेडली. मला वाटलं होतं रडू येईल. आलं नाही. डोकं एकदम थंड झालं.

पहिल्या कडव्यापासून लोक टाळ्या धरत होते, संथ, गाण्याबरोबर. कुलकर्णी काकू माझ्या कानाशी म्हणाल्या, "काय गं, आरतीसारखं वाटतंय हे." मी म्हटलं, "आरतीच आहे, काकू. ताल धरा."

शेवटचं कडवं आलं आणि मी टाळी जवळ आणली. काकूंनी आणली, त्यांच्या बाजूच्यांनी आणली. दोन रांगा नागपूर-पुण्याकडच्या माणसांना यात शिकवायचं काय असतं? पोरंसुद्धा जागी झाली. तिकडे बेथ मांडीवर ठोका देत होती, डेल त्या न वाकणाऱ्या करंगळीने टाळ्या पिटत होता. मागच्या रांगेने ती लय उचलली, मग बाल्कनीने. स्टेजवर दाढीवाल्याने मान वर केली, आमच्याकडे बघितलं, आणि हसून ऑर्गन सोडला मोकळा. ड्रमवाला धावला, स्टीलवाला धावला. आता कोणी कोणाकडे बघत नव्हतं. आख्खा हॉल माझ्या हातांनी चालला होता, आणि मला इतका आनंद त्या देशात आधी कधी झाला नव्हता.

तो माइकपाशी शब्द कोंबत होता. एक ओळ अर्धी सोडली, पुढची पकडायला गेला, ती गेली, श्वास घेतला तेवढ्यात आणखी एक गेली. हॉलने शेवटची टाळी एकत्र मारली, बँड तिच्यावर धाडकन थांबला, आणि लोक उभे राहून ओरडायला लागले.

त्याच्या दोन ओळी गायच्या राहिल्या होत्या.